एका गाईवरून

वायोमिंग म्हणजे यलोस्टोन, आणि तिथं पोहोचेपर्यंतचं बाकी राज्य गाडीत झोपून काढायचं, असं आमच्या डेन्व्हरच्या मराठी मंडळींचं ठाम मत आहे. मला ते कधीच पटलेलं नाही. या उन्हाळ्यात आम्ही यलोस्टोनला गेलोच नाही. शायानवरून उत्तरेला जाऊन गर्न्सी नावाच्या लहानशा गावाजवळ थांबलो.

गावाच्या दक्षिणेला नॉर्थ प्लॅट नदी आहे. तिच्या पलीकडच्या टेकाडावर ओरेगॉन ट्रेलच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्यांच्या गाडीवाटेच्या, चाकोऱ्या अजून आहेत. मातीत नाहीत, वालुकाश्मात! इथं वाटच अशी की जवळजवळ प्रत्येक गाडीला हे टेकाड चढावं लागे. मिसुरीतल्या इंडिपेन्डन्सहून ओरेगॉन सुमारे दोन हजार मैल. 1840च्या दशकापासून 1869 मध्ये रेल्वे जोडली जाईपर्यंत तीन-चार लाख माणसं पश्चिमेकडे गेली, त्यांतली असंख्य याच दगडावरून. बैल गाडी ओढायचे आणि माणसं बहुतेक पायीच चालायची. काही ठिकाणी चाकोरी पाच फूट खोल आहे. मी आत उतरले तर तिचा काठ माझ्या खांद्याला लागला. सावली नाही, वारा थांबत नाही, पण मी तिथून लवकर हलू शकले नाही. जवळच लुसिंडी रोलिन्सची समाधी आहे. ती ओहायोतल्या डेटनची, जून 1849 मध्ये वाटेतच गेली.

रजिस्टर क्लिफवर मात्र माझं डोकं तापलं. फोर्ट लॅरामी या किल्ल्याहून निघाल्यावर पहिला मुक्काम या कड्यापाशी पडे आणि लोक आपली नावं कोरत. त्या अक्षरांवर आजच्या पर्यटकांनीही आपली नावं कोरून ठेवली आहेत. आपल्या गडांवर बदामात नावं कोरणारे पाहून होतो तसाच संताप झाला.

तिथून फोर्ट लॅरामी. प्रवेश फुकट, आणि शिपायांच्या जुन्या बारमध्ये थंडगार रूट बिअर मिळते. त्या उन्हात यापेक्षा चांगला पाहुणचार कुठला? मूळचं हे फरच्या व्यापाराचं ठाणं, 1849 मध्ये लष्करानं चार हजार डॉलरना विकत घेतलं. इमारती छान जपल्या आहेत. पण मला इथं यायचं होतं ते एका गाईसाठी.

1851 मध्ये इथून जवळ, हॉर्स क्रीकपाशी, अमेरिकन सरकार आणि मैदानी जमातींचा करार झाला. वाटसरूंना त्रास द्यायचा नाही, बदल्यात दरसाल 50 हजार डॉलरचा माल, 50 वर्षं. सिनेटनं पुढं त्या 50 वर्षांची 10 केली. सरकारला बोलणी करायला एकच माणूस हवा होता, म्हणून लाकोटा या मैदानी जमातीच्या ब्रूले शाखेतल्या मातो वायुहीला (इंग्रजीत कॉन्करिंग बेअर) साऱ्या लाकोटांचा प्रमुख ठरवून टाकलं. लाकोटांत असा एकच एक प्रमुख नसे.

ऑगस्ट 1854. लाकोटा किल्ल्याच्या पूर्वेला तळ देऊन त्याच मालाची वाट पाहत होते. पश्चिमेला निघालेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या तांड्याची एक गाय भरकटत तळात आली आणि हाय फोरहेड नावाच्या माणसानं ती मारली. तो मिनिकोंजू या लाकोटांच्याच दुसऱ्या शाखेतला, म्हणजे ब्रूलेंकडे पाहुणा. मातो वायुही स्वतः किल्ल्यावर गेला आणि गाईच्या बदल्यात घोडा देऊ केला. जमातीतल्या माणसाकडून नुकसान झालं तर भरपाई द्यायची, हे करारातच होतं. तो करार पाळत होता! पण किल्ल्याला माणूस हवा होता, आणि पाहुण्याला बांधून हवाली करणं त्याच्या हातात नव्हतं.

19 ऑगस्टला लेफ्टनंट जॉन ग्रॅटन 29 शिपाई आणि दोन तोफा घेऊन तळावर गेला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडून त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. सोबतचा दुभाषा दारू प्यायलेला, लाकोटांना डिवचत होता. मातो वायुही मध्यस्थी करत राहिला. गोळीबार झाला, त्यात तो जबर जखमी झाला आणि पुढं त्यातच गेला. ग्रॅटन आणि त्याची तुकडी संपली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये जनरल हार्नीनं नेब्रास्कात ब्लू वॉटर क्रीकवर 86 लाकोटांना मारून सूड उगवला. मेलेल्यांत बायका आणि मुलंही होती.

संध्याकाळी लिंगल गावाजवळच्या ग्रॅटनच्या स्मारकाशी आम्ही थांबलो. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. नवरा म्हणाला, “घोडा घेतला असता तर?” मला नाही वाटत काही फार टळलं असतं. 1846 मध्ये ओरेगॉन, 1848 मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेच्या हाती आल्यावर ही वाट थांबणार नव्हती. तरी तो घोडा नाकारल्याचा राग माझ्या मनातून जात नाही. ओरेगॉन ट्रेल दाखवायला मुलांना आणणाऱ्यांनी चाकोऱ्यांबरोबर ही जागाही दाखवावी, नाहीतर गोष्ट अर्धीच राहते.

पुढं याच वाटेवरचा इंडिपेन्डन्स रॉक हा खडक झाला, साउथ पास ही खिंड झाली. दोन्ही सुंदर, दोन्हीकडे गर्दी नाही.

1868 मध्ये पुन्हा फोर्ट लॅरामीतच करार झाला आणि ब्लॅक हिल्स हे डोंगर लाकोटांचे राहिले. तिथं सोनं सापडलं आणि 1877 मध्ये ते काढून घेतले गेले. 1980 मध्ये सुप्रीम कोर्टानं दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई कायम केली. लाकोटांनी आजवर ती घेतलेली नाही. त्यांना डोंगर हवे आहेत.