चूक कबूल करणाऱ्याचं आपण काय करतो

नागपुरात धंतोलीत एका मेडिकलवर मागे मी बाबांच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला उभी होते तेव्हा एक काका तणतणत आले. झालं असं होतं की काउंटरवरच्या पोराने सकाळी त्यांना थायरॉइडची गोळी २५ च्या जागी ५० ची दिली होती, दुपारी माल लावताना त्याच्याच लक्षात आलं, मग त्याने बिलावरचा नंबर काढून स्वतः फोन केला की काका चुकलं माझ्याकडून, ती गोळी घेऊ नका, आणून द्या मी बदलून देतो. स्ट्रिप जशीच्या तशी होती, एकही गोळी फोडलेली नव्हती. तरी काका बोलूनच राहिले, "वाचता येते का नाही बे तुले? कोणी मेलं असतं म्हणजे?" मालकाने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगून टाकलं की याचा आजचा रोज कापतो. पोरगा काही बोलला नाही, दुसरी स्ट्रिप काढली, त्यावरचा आकडा दोनदा बोट ठेवून वाचला आणि पुढे सरकवली.

पुढच्या वेळी हा पोरगा फोन करेल का? मला नाही वाटत. आणि त्या वेळी समोरच्याने गोळी घेतलेली असेल तर?

माणसं चूक का मान्य करत नाहीत म्हटलं की सगळे एकच सांगतात, इगो. असेल, पण मला ते अर्धंच खरं वाटतं. बाकीचं अर्धं ऐकणाऱ्याच्या हातात असतं आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. न सांगणारा बहुतेक वेळा सुटतो, सांगणारा मात्र हमखास सापडतो, हे आपण पहिली-दुसरीतच शिकलेलो असतो. आपल्या गाडीच्या इन्शुरन्सचा कागद काढून अटी वाचा कधी, अपघात झाला तर कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही असं त्यात चक्क छापलेलं असतं.

विमानवाल्यांनी मात्र यावर नीट विचार केला, आणि त्याआधी माणसं गेली तेव्हा केला. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ नंबरचं विमान उतरायच्या तयारीत असताना डोंगरावर आदळलं, आतली ९२ च्या ९२ माणसं गेली. कंट्रोलरने दिलेल्या परवानगीचा वैमानिकांनी एक अर्थ घेतला, कंट्रोलरच्या डोक्यात दुसराच होता. नंतर तपासात कळलं की साधारण दीड महिना आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान तिथेच, त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं, त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला सांगितलंही होतं, कंपनीने आपल्या पायलटांना सावधही केलं, पण घरातली गोष्ट घरातच राहिली. म्हणजे ९२ माणसांना वाचवू शकणारी माहिती होती, फक्त ती सगळ्यांसमोर सांगायची सोय नव्हती. हे वाचलं तेव्हा मला खरंच सुन्न व्हायला झालं.

त्यानंतर १९७६ ला तिथे एक पद्धत सुरू झाली. आपल्या हातून काही चुकलं तर वैमानिकाने रिपोर्ट पाठवायचा, पण तो कारवाई करणाऱ्या खात्याकडे नाही, नासाकडे. नासा त्यातून नावगाव काढून टाकते आणि शिकण्यासारखं असेल ते सगळ्यांना कळवते. चूक मुद्दाम केलेली नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल आणि १० दिवसांच्या आत कळवली असेल तर सहसा शिक्षा होत नाही. आता असे रिपोर्ट लाखोंनी जमा आहेत. पायलट लोक काही आपल्यापेक्षा कमी इगोवाले नसतात हो, त्यांना फक्त सांगायला जागा करून दिली.

नाहीतर उघडपणे सांगायला गांधीजींएवढं काळीज लागतं. १९१९ ला रौलेट सत्याग्रहात हिंसा झाली तेव्हा लोकांची तयारी नसताना कायदेभंगाची हाक दिली ही आपली हिमालयाएवढी चूक झाली असं त्यांनी नडियादच्या सभेत सांगितलं, त्यावर टिंगल झाली हे त्यांनीच लिहून ठेवलंय, आणि कबूल केल्याचा पस्तावा कधी झाला नाही हेही. १९२० च्या डिसेंबरात आपल्या नागपूरच्याच अधिवेशनात असहकाराचा ठराव पक्का झाला, तेच आंदोलन चौरीचौरानंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये त्यांनी थांबवलं तेव्हा मोतीलाल नेहरू, लजपतराय यांच्यासारखी स्वतःची माणसं तुरुंगातून चिडली. त्यांना ते पेललं, रोजंदारीवरच्या पोराने कसं पेलायचं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबतीचे मोठे पुतळे निघतात, काळी आणि पिवळी, सोबत बडगे, म्हणजे ज्या गोष्टींवर राग त्यांचे पुतळे. घेऊन जा गे मारबत म्हणत रोगराई, महागाई, भ्रष्टाचार सगळं गावाबाहेर नेऊन जाळतात. मला मारबत मनापासून आवडते, पण चूक कबूल करणाऱ्या माणसाचाच आपण घरोघरी बडगा करून टाकतो, आणि तो वर्षातून एकदा नाही, रोज मिरवतो.

आमच्याच घरातलं सांगते. मोठे बाबांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाने, रिटायर झाल्यावर पीएफच्या पैशातून बुटीबोरीच्या पलीकडे प्लॉट घेतला. एनए म्हणजे बिगरशेती परवानगी नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात तर बाईकही जात नाही. कोणी गळ घातली नव्हती, कोणी फसवलं असंही म्हणता येत नाही, आणि तिथेच गाडी अडते. १९५९ मध्ये फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, विद्यार्थ्यांना कंटाळवाणं काम करायला लावलं आणि मग पुढच्याला जाऊन सांग की काम मजेचं आहे, असं सांगितलं. या खोट्याचे काहींना २० डॉलर दिले, काहींना १. ज्यांना २० मिळाले त्यांच्याकडे कारण होतं, पैशासाठी बोललो. १ डॉलरवाल्यांकडे कारण नव्हतं, तर त्यांना ते काम खरंच बरं वाटायला लागलं! मोठे बाबांचं तसंच झालंय, बोट दाखवायला कोणी नाही म्हणून प्लॉटच चांगला ठरवावा लागतो.

त्यात दर दिवाळीला फराळाच्या वेळी आमचे काका सगळ्यांसमोर विचारतात, "काय दादा, पोहोचलं का मिहान तुमच्या प्लॉटपर्यंत?" मिहान म्हणजे विमानतळाजवळचा तो मोठा प्रकल्प. सगळे हसतात, मोठे बाबांच्या हातातली चकली तशीच राहते आणि ते परत नव्याने सांगायला लागतात की विमानतळ वाढला की भाव बघा, विकायचा तर विषयच नाही. मागच्या वेळी मोठी आई आत येऊन मला म्हणाली, "त्यायले समजते गं सगळं, पण आता बोलतील कसे?" प्लॉट आजही मिळेल त्या भावात काढला तर तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं होईल, पण विकायचा म्हणजे आधी चुकलं म्हणावं लागेल, आणि ते त्या फराळाच्या ताटासमोर कोण म्हणेल.

म्हणून यंदा दिवाळीच्या आधी मी काकांना फोन करणार आहे, की काका, तुम्ही लहान भाऊ आहात, मिहानचा विषय या वर्षी काढू नका, आणि पुढच्या वर्षीही नको. त्यांना राग येईल, येऊ दे.