चिंधी वाचायला शिकलो

इथे पेनसिल्व्हेनियात नाताळ झाला की हरणांच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम सुरू होतो, 1974 पासूनचा. त्यात केपाची, म्हणजे स्फोटक टोपीवर पेटणारी, बंदूक चालत नाही, दुर्बीण चालत नाही. बंदूक ठासणीची हवी, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी भरायची, आणि तीही चकमकीवर पेटणारी. हाताशी बार एकच. तो चुकला तर पुन्हा ठासेपर्यंत हरीण टेकडीपलीकडे गेलेलं असतं. अर्धवट लागला तर त्याहून वाईट, जनावर जखमी होऊन रानात तडफडतं. म्हणून हंगामाआधी आपल्या बंदुकीला नेमकी किती दारू मानवते ते शोधून ठेवावं लागतं.

माझी बंदूक 50 कॅलिबरची, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीची. ती खोक्यात बंद होऊन पोस्टाने दारात आली, तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. आमच्या कोकणातल्या घरी आजोबांची ठासणीची होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. प्रत्येक निवडणुकीला बाबा ती पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि निकालानंतर परत आणायला खेपा घालायचे. इथे केंद्राचा कायदा अशा जुन्या पद्धतीच्या बंदुकांना एरवीच्या बंदुकांत धरतच नाही. मला ते सोयीचं वाटलं, पण बरं वाटलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर गेलो. 50 यार्डांवर निशाण्याचा कागद लावला आणि 50 ग्रेन दारूपासून सुरुवात केली (ग्रेन हे दारू मोजायचं बारीक माप). तीन बार झाले की 5 ग्रेन वाढवायचे. दर बारानंतर ओल्या कापडाने नळी पुसायची, मग कोरड्याने, नाहीतर काजळी साचून पुढची गोळी भलतीकडे जाते. 65 ग्रेनला तीन भोकं वाटीएवढ्या जागेत आली. हुरूप आला, 80 वर गेलो. भोकं ताटभर पसरली. मी बंदुकीला दोष देत होतो.

शेजारच्या बाकावर सत्तरीपुढचे एक गृहस्थ होते. गोळीबार थांबल्याची हाक झाल्यावर सगळे आपापल्या कागदाकडे निघाले, हे मात्र माझ्या बाकापुढे चार-पाच पावलांवर वाकून गवतात काहीतरी शोधू लागले. माझ्या चिंध्या! शिशाची गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते, तिला तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळून ठासतात. उडाल्यावर ते कापड पुढे गळून पडतं. त्यांनी सात-आठ वेचून बाकावर ओळीने मांडल्या. 65 च्या चिंधीवर मधोमध काळसर ठसा, कडा थोड्या विसकटलेल्या, कापड शाबूत. 80 च्या चिंधीला मधे जळून भोक पडलेलं, त्यातून माझं बोट आरपार गेलं. "गॅस इथून निसटतोय," ते म्हणाले. "कागद काय घडलं ते सांगतो, चिंधी का घडलं ते."

मग आपल्या डब्यातलं गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड काढून त्यांनी मला दिलं. जाडी 15 हजारांश इंचाऐवजी 18. दारू तीच ठेव, एका वेळी एकच गोष्ट बदल, हे तीनदा बजावलं. स्वतःचा नेम सोडून हा माणूस दोन तास माझ्यापाशी उभा होता. मी ठासायचा गज वर-खाली केला की गोळी दारूवर टेकली का ते बघायचा, कारण मधे पोकळी राहिली तर नळी फाटू शकते. टेकलेल्या जागी गजावर खूण त्यानेच करून दिली. रंजक, म्हणजे ठिणगी धरणारी बारीक दारू, ओतताना नळीचा कान, म्हणजे आग आत नेणारं भोक, बुजू देऊ नकोस, असंही सांगितलं. (शब्द त्यांचे इंग्रजी होते, पण माझ्या कानात आजोबांचेच वाजत होते.) कापड जमल्यावर दारू बदलून बघितली, तेव्हा 70 ग्रेनला तीन भोकं दोन इंचांत बसली.

जाता जाता ते म्हणाले, पूर्वीचे लोक गोळी तळहातावर ठेवून ती झाकेपर्यंत दारू ओतायचे, तेच पहिलं माप. हे ऐकून मी चमकलो. आजोबांना आम्ही अंदाजपंचे म्हणायचो. रात्री बाबांना फोन केला.

"आजोबा दारू किती घालायचे हो?"

"तळव्याच्या खळग्यात राहील तेवढी. पावसाळ्यात चिमूटभर जास्त. आणि तू काय करणार आहेस बंदूक घेऊन?"

गावाकडून हा प्रश्न येतोच. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार मनातूनही गेली, आणि ते योग्यच झालं. इथे हरणं उदंड आहेत, रात्री गाडीसमोर येतात, परवाना मोजून मिळतो, जादा मांस गरजूंना देण्याची सोय आहे. हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते "हं" म्हणाले.

फोन ठेवून मी गोळी तळहातावर ठेवली, ती झाकेपर्यंत दारू ओतली आणि मापात घालून बघितली. 60 ग्रेनच्या थोडी वर भरली. आजोबांच्या तळव्याचा खळगा माझ्यापेक्षा खोल होता.