तानपुऱ्यासाठी हेडफोन निवडताना

माझ्या ऐकण्यात मुख्यतः तीन प्रकारची ध्वनिमुद्रणं असतात. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून डिजिटल केलेलं जुनं गाणं: केसरबाई केरकर, अब्दुल करीम खाँ, नाट्यपदांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या बाजू. मग खाजगी मैफलींच्या टेपा, ज्यांत तबला अंगावर येतो, गायक लांब बसलेला असतो आणि माइकला सगळ्यांत जवळ कुणीतरी खोकणारा रसिक असतो. आणि स्टुडिओत नीट झालेली भावगीतं. गेम मी खेळत नाही, सिनेमा टीव्हीवर बघते. हे आधीच सांगते, कारण ‘सगळ्यात चांगला हेडफोन कुठला’ या प्रश्नाला उत्तर नसतं आणि ‘या तीन गोष्टींसाठी कुठला’ याला असतं.

मला ओपन बॅकच, म्हणजे मागे जाळी असलेला हेडफोन हवा होता. का, तर आवाजाच्या मोकळेपणासाठी. ड्रायव्हर (कपातला आवाज निर्माण करणारा भाग) पुढे कानाकडे जेवढा आवाज फेकतो तेवढाच मागेही फेकतो. बंद कपात तो मागचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो. जाळीच्या कपातून तो निघून जातो. सेनहायझरने १९६८ मध्ये पिवळ्या फोमचा एचडी ४१४ काढला, तेव्हापासून हा प्रकार बाजारात आहे. किंमत मोजावी लागते ती अशी की आतलं बाहेर ऐकू जातं आणि बाहेरचं आत येतं. डोंबिवलीतल्या फ्लॅटमध्ये ‘बाहेरचं’ म्हणजे कुकरच्या शिट्ट्या, खालची रिक्षा आणि डोक्यावरचा पंखा. त्यामुळे मी ऐकते ते रात्री, सगळे झोपल्यावर, हॉलमध्ये. लोकलमध्ये ऐकायचं असेल तर ओपन बॅक हेडफोनचा विचारसुद्धा करू नये. तिथे कानात घालायचे इअरफोनच हवेत.

तीन हेडफोन मला आलटून पालटून ऐकता आले. ओळखीतल्या एका साउंड रेकॉर्डिस्टचा बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो (२५० ओहम), मामेभावाचा सेनहायझर एचडी ६००, आणि दुकानात हायफायमॅन एचई४००एसई. प्रत्येकावर तोच ऐवज वाजवायचा: एक तबकडी, एक मैफल, एक भावगीत. दुकानदार स्वतःची गाणी लावायला बघतो. ती बहुधा इतकी सुंदर मुद्रित केलेली असतात की त्यांवर वाईट हेडफोनही चांगला वाटतो. आपला फोन पुढे करावा.

डीटी ९९० पहिल्या मिनिटाला थक्क करतो. मंजिऱ्या, तबल्याची चाट, सतारीची तार, सगळं लखलखीत. मग तबकडी लावली. त्या तबकड्यांवर संगीत फार वरच्या पट्ट्यात जातच नाही. तिथे उरते ती लाखेची खरखर. या हेडफोनची ८-९ किलोहर्ट्झपाशी जी चढण आहे ती नेमकी त्या खरखरीला पुढे आणते, आणि त्याचा मधला पट्टा, जिथे गायिका उभी आहे, तो थोडा मागे. भावगीतात ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागले. रेकॉर्डिस्टला तो आवडतो ते त्याच्या कामामुळे: त्याला दोष शोधायचे असतात, मला ते विसरायचे असतात.

एचई४००एसई वेगळ्याच जातीचा. तो प्लेनार. नेहमीच्या डायनॅमिक ड्रायव्हरमध्ये कॉइलला चिकटलेला पडदा हलतो. प्लेनारमध्ये पातळ फिल्मवरच वाहक पट्ट्या असतात आणि ती सगळी फिल्म चुंबकांसमोर एकसाथ हलते. याचा खालचा आवाज ओपन डायनॅमिक हेडफोनांसारखा ढासळत नाही. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ, आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. एचडी ६०० त्या टप्प्यावर उतरणीला लागलेला असतो. कागदावर हा सामना प्लेनारने जिंकायला हवा होता.

पण तानपुरा कागदावर वाजत नाही. जवारीमुळे (घोडीवर तार घासून येणाऱ्या झंकारामुळे) त्याची सगळी श्रीमंती उपस्वरांत, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांत असते. खर्जाच्या तारेचा मूळ सूर त्या मानाने अशक्तच असतो आणि कान तो उपस्वरांवरून स्वतः भरून काढतो. एचडी ६०० वर खर्ज मला कमी वाटलाच नाही. उलट जवारीचं ते सतत फिरणारं झुंबर (ही उपमा माझ्या गुरुबाईंची) त्याच्यावर जास्त स्पष्ट, कारण हा हेडफोन ३ किलोहर्ट्झच्या आसपास किंचित पुढे येतो आणि मधल्या पट्ट्यात काही लपवत नाही. एचई४००एसईचा १.५ ते २ किलोहर्ट्झमध्ये एक खळगा आहे. त्याने आवाजाचा मंच मोठा भासतो, गायक दोन पावलं मागे सरकतो. सिनेसंगीताच्या मोठ्या वाद्यमेळाला ते फार शोभतं. माझ्या मैफलींच्या टेपांत गायक आधीच लांब. त्याला आणखी मागे कशाला ढकलू? ढोलकीचा घुमारा किंवा आजकालची बेसवाली गाणी ऐकणाऱ्याने मात्र बिनदिक्कत प्लेनार घ्यावा, आणि तो मला निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता हेही खरं.

एचडी ६०० ठरला. १९९७ चं मॉडेल, आणि कानाच्या गाद्या, वायर, डोक्यावरची पट्टी, सगळं सुटं मिळतं. आमच्याकडच्या दमट हवेत गाद्या दर साल-दोन सालांनी बदलाव्या लागणार हे गृहीतच धरलं होतं, त्यामुळे हा मुद्दा माझ्या लेखी बराच वजनदार होता.

आता अ‍ॅम्प. हेडफोनला ताकद पुरवणाऱ्या या यंत्राविषयी जेवढं गूढ बोललं जातं तेवढं क्वचितच कशावर बोललं जात असेल. मी शाळेतला ओहमचा नियम काढला. एचडी ६०० चा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) ३०० ओहम, आणि १ व्होल्टला तो ९७ डेसिबल देतो असं कंपनी सांगते. मी सरासरी ७०-७५ डेसिबलवर ऐकते. तबल्याची थाप त्याच्यावर २०-२५ डेसिबल सहज उडते. सढळ हाताने ११० डेसिबल धरले तर आणखी १३ डेसिबल हवेत, म्हणजे साधारण ४.५ व्होल्ट. करंट फक्त १५ मिलिअँपिअर. एचई४००एसईचं उलट: ३२ ओहम, १ मिलिवॅटला ९१ डेसिबल, त्याच ११० साठी ८० मिलिवॅट, म्हणजे १.६ व्होल्ट पुरे, पण करंट ५० मिलिअँपिअर. एकाला व्होल्टेजची भूक, दुसऱ्याला करंटची. ‘हा हेडफोन चालवायला जड आहे’ असं नुसतं म्हटल्याने काही कळत नाही.

फोनला हेडफोन जोडायच्या साध्या डोंगलमधून १ व्होल्टच्या आसपास मिळतो. भावगीतांना तो एचडी ६०० वर पुरला, खरंच पुरला, आणि नुसती स्टुडिओतली गाणी ऐकणाऱ्याने अ‍ॅम्पवर खर्च करू नये असं माझं मत आहे. अडलं ते टेपांपाशी. घरगुती डिजिटायझेशनमध्ये आवाजाची पातळी बरेचदा १०-१२ डेसिबल खालीच ठेवलेली असते; तिथे व्हॉल्यूम शेवटाला टेकूनही विलंबित आलाप हळूच राहिला.

व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्पही ऐकला. एका हौशी गृहस्थांनी स्वतः जुळवलेला बॉटलहेड क्रॅक, ६०८० आणि १२एयू७ व्हॉल्व्हवाला. त्यावर एचडी ६०० मधला डग्गा भरला, गायिकेचा आवाज गोल झाला. ‘बघा, व्हॉल्व्हची ऊब,’ गृहस्थ म्हणाले. ऊब होती, पण तिचा पत्ता सापडतो. या अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा स्वतःचा अडथळा) १२० ओहमच्या आसपास. एचडी ६०० चा इम्पिडन्स सगळीकडे ३०० नसतो. १०० हर्ट्झच्या सुमाराला तो ५०० ओहमच्या पुढे चढतो. जिथे हेडफोनचा इम्पिडन्स जास्त, तिथे व्होल्टेजचा जास्त वाटा त्याला मिळतो, म्हणून १०० हर्ट्झपाशी साधारण एक डेसिबलची फुगवटी येते. डग्ग्याची घूम त्याच भागात. प्लेनारचा इम्पिडन्स सपाट असल्याने त्याला ही फुगवटी मिळत नाही. वर ३२ ओहमचा हेडफोन १२० ओहमच्या मागे लावला की जवळपास चार-पंचमांश व्होल्टेज अ‍ॅम्पच्या पोटातच जातं. म्हणजे एका हेडफोनला जो अ‍ॅम्प अमृत, तो दुसऱ्याला निरुपयोगी.

तुलना करताना एक काळजी घेतली. जरा मोठा वाजणारा अ‍ॅम्प नेहमीच चांगला वाटतो, म्हणून ४०० हर्ट्झचा सूर लावून, हेडफोन जोडलेला असताना, साध्या मल्टिमीटरने व्हॉल्व्हच्या आणि सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरच्या) अशा दोन्ही अ‍ॅम्पचं व्होल्टेज सारखं केलं. ४०० हर्ट्झ अशासाठी, की स्वस्त मीटर त्याहून फार वर विश्वासार्ह राहत नाहीत आणि १०० हर्ट्झपाशी ती फुगवटीच मोजमापात येते. पातळी जुळवल्यावर सॉलिड स्टेट आणि व्हॉल्व्हमधलं अंतर बरंच आटलं. उरलं ते ऐकू येत होतं आणि आवडतही होतं, नाही म्हणणार नाही.

तरी एका डेसिबलसाठी रात्रभर तापणारे, बदलावे लागणारे व्हॉल्व्ह नको म्हटलं. मेजावर ठेवायचा, डॅक (डिजिटल फाइलचा विद्युत सिग्नल करणारा भाग) आतच असलेला साधा सॉलिड स्टेट अ‍ॅम्प घेतला: आउटपुट इम्पिडन्स १ ओहमच्या आसपास, ३०० ओहमवर ६ व्होल्टच्या पुढे. १०० हर्ट्झची ती फुगवटी इक्वलायझरमध्ये फुकट मिळते. त्याच सॉफ्टवेअरमध्ये क्रॉसफीडही आहे, आणि माझ्या संग्रहाला त्याचा उपयोग अ‍ॅम्पपेक्षा जास्त झाला. जुन्या स्टिरिओ मुद्रणांत तबला पार एका कानात आणि पेटी दुसऱ्यात टाकलेली असते. स्पीकरवर ते खपतं, हेडफोनवर डोकं दुखतं. क्रॉसफीड डावीकडचं थोडं उजवीकडे, थोड्या उशिराने पोचवतं, तसं खोलीत होतंच.

तक्रार एकच. एचडी ६०० नवा असताना कानशिलं चांगलीच आवळतो. चष्म्याच्या काड्या आणि कुड्या दोन्ही रुततात. रात्री तो हेडफोनच्याच खोक्याला ताणून लावून ठेवला की पकड हळूहळू सैल होते. कुड्या मात्र मी अजूनही काढूनच ठेवते. आणि एप्रिल-मे मध्ये पंखा बंद करता येत नाही, तेव्हा त्याच्या घरघरीवर मात करायला हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. म्हणून अ‍ॅम्प लो गेनवर (आवाज कमी वाढवणाऱ्या खटक्यावर) ठेवते आणि आलाप पावसाळ्यानंतरच्या थंड रात्रींसाठी राखून, उन्हाळ्यात भावगीतं ऐकते.