सर्वानुमते मान्य

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या सरांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, आपल्या रसायनशास्त्राच्या अभ्यास मंडळाचं काम कसं चाललंय, त्यावर एक अहवाल करा. जुलैअखेर ऑडिटला बाहेरची माणसं येणार आहेत." मीही म्हटलं, आठ दिवसांचं काम. लागले सात आठवडे. त्यातले पाच एका वहीपायी गेले, आणि अजून आठवलं की डोकं फिरतं, म्हणून लिहितेय.

आमचं कॉलेज स्वायत्त. म्हणजे पदवी शिवाजी विद्यापीठाची, पण शिकवायचं काय ते आम्ही ठरवायचं. ते ठरवतं अभ्यास मंडळ. विभागप्रमुख, विभागातले शिक्षक, बाहेरचे दोन तज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेले एक, उद्योगातले एक आणि एक माजी विद्यार्थी, अशी माणसं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या 1000 गुणांच्या पद्धतीत स्वायत्त कॉलेजला अभ्यासक्रमाच्या निकषावर 150 गुण असायचे (संलग्न कॉलेजला 100), त्यामुळे या मंडळाच्या फायली जाडजूड असतात. विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणारे अशा चौघांचे अभिप्राय गूगल फॉर्मवर आधीच गोळा होते. त्यांचे पाय चार्ट एका दुपारी झाले. सगळे हिरवेगार. 'अतिशय समाधानी'च्या खाली कोणी उतरलंच नव्हतं.

त्या चार्टवरून मंडळाचं काही कळत नव्हतं. मला हवी होती इतिवृत्ताची वही. कोणी काय सुचवलं, काय ठरलं आणि पुढं त्याचं काय झालं, ते तिच्यातच सापडणार.

ऑफिसात गेले. "वही बायंडिंगला दिलीया, मॅडम."

"कधी येईल?"

"यील की. कशाला एवढी गडबड करालाय?"

दोन आठवडे रोज दुपारी तास संपला की मी खाली. एकदा लक्ष्मीपुरीतल्या बायंडरचा पत्ता मागितला, म्हटलं मीच जाऊन घेऊन येते. तर कळलं की वही परवाच आली होती आणि कपाटात होती. मग द्या! तर म्हणे अर्ज द्या. आवक क्रमांक पडेल, प्राचार्यांची सही होईल, मग वही.

"अहो, आमच्याच मंडळाची वही आहे ती."

"मंडळ तुमचं, मॅडम. वही ऑफिसची."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. अर्ज दिला. सही व्हायला आठवडा गेला, कारण प्राचार्य विद्यापीठात, मग पुण्यात, मग पुन्हा विद्यापीठात. सही झालेला कागद घेऊन खाली आले, तर कपाटाची किल्ली ज्या अण्णांकडं ते वारीला गेलेले. आता विठ्ठलाच्या वाटेवर असलेल्या माणसावर चिडायचं तरी कसं? फोन केला तर मागं टाळ-मृदंग. "आल्यावर देतो, मॅडम. माउली!" मीही माउली म्हणून फोन ठेवला आणि पावसात भिजत स्टँडवर आले.

(तुमच्यावर असं काम आलं तर पहिल्याच दिवशी किल्ली कोणाकडं आहे ते विचारा. फॉर्म, चार्ट, फोटो सगळं नंतर. आणि वही हातात आली की तिथंच उभ्या उभ्या पान क्रमांकासकट मोबाइलवर फोटो काढा, परत मिळेलच असं नाही.)

अण्णा आले, बुक्का लावलेले, हातात चुरमुऱ्यांचा प्रसाद. वही मिळाली. रात्री घरी वाचत बसले.

2021 च्या बैठकीत उद्योगातल्या सदस्यांनी सुचवलेलं: आपली बरीच पोरं साखर कारखान्यांच्या लॅबमध्ये लागतात, तर उसाच्या रसाचं ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ) आणि पोल (साखरेचं प्रमाण) काढायचं प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात घ्या. हे गृहस्थ स्वतः एका कारखान्यात चीफ केमिस्ट. खाली शेरा, 'सर्वानुमते मान्य'. 2022 मध्ये तीच सूचना, सर्वानुमते मान्य. 2023 मध्ये नव्या शैक्षणिक धोरणासाठी आम्ही अख्खा अभ्यासक्रम नव्यानं लिहिला, क्रेडिटची गणितं जुळवता जुळवता जीव गेला. त्याही वर्षी सूचना मान्य, आणि नव्या अभ्यासक्रमात तिचा पत्ता नाही. 2024 मध्ये 'तत्त्वतः मान्य', आणि त्या बैठकीला ते सदस्य गैरहजर.

त्यांना फोन लावला. ते हसले. "मी सांगायचं सोडलं, मॅडम. चहा चांगला असतो तुमच्याकडं, म्हणून अधूनमधून येतो." नोकरी देणाऱ्यांना फॉर्म पाठवू नका, फोन करा. फॉर्मवर याच माणसानं पाचपैकी पाच दिले होते.

मी तावातावानं अहवालात लिहायला घेतलं की मंडळ ठराव करतं आणि विसरतं. मग सह्यांची पानं उलटली. चारही वर्षांच्या पानांवर माझी सही. निळ्या पेनानं, नेहमीची, घाईची. 2022 चं इतिवृत्त तर माझ्याच अक्षरात होतं. कार्यवाहीच्या रकान्यात मीच लिहिलेलं: 'विभाग'. विभाग म्हणजे कोण, हे ना मी लिहिलं, ना कोणी विचारलं.

बैठका किती झाल्या, हजेरी किती टक्के, हे तक्ते मी अहवालाच्या शेवटी टाकले. वर्षातून एक बैठक तर घ्यावीच लागते, त्यात कौतुक कसलं. मुख्य भाग म्हणून चार वर्षांतल्या 19 सूचना एकाखाली एक लिहिल्या आणि प्रत्येकीसमोर तीन रकाने काढले: अभ्यासक्रमात आली का, प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये आली का, प्रश्नपत्रिकेत विचारली का. पहिल्या रकान्यात 7 ठिकाणी 'हो', तिसऱ्यात 3. प्रश्नपत्रिका जरूर पाहा. अभ्यासक्रमात नवा घटक येतो आणि पेपर मात्र जुन्याच घटकांवर निघतो, असंही सापडलं.

विभागप्रमुखांना तो तक्ता आवडला नाही. "ऑडिटला हे दाखवायचं?" म्हणाले. मी म्हटलं, सर, सह्या माझ्यापण आहेत. मग गेला तसाच.

ऑडिटवाल्यांनी चार्टकडं पाहिलंही नाही. तक्त्यावर बोट ठेवून एकच विचारलं, की पोलारिमीटर, म्हणजे पोल मोजायचं यंत्र, आहे का तुमच्याकडं? आहे. सोडियमचा दिवा गेलाय, म्हणून कपाटात आहे. हे ऐकून त्यातल्या एक मॅडम माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या.

ऑगस्टच्या बैठकीत कार्यवाहीच्या रकान्यात 'विभाग'च्या जागी माझं नाव लागलं, तारखेसकट. दिव्याच्या खरेदीला तीन कोटेशनं लागतात. दोन आलीत. तिसऱ्यासाठी परवा ऑफिसात गेले होते, आवक-जावकची वही बायंडिंगला दिलीया.