भूमितीच्या तासाला साबणाचं पाणी

स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं तेव्हा बॅचच्या ग्रुपवर लगेच फर्मान निघालं, सोप्या भाषेत लिही, तू नक्की काय करतोस ते अजून कोणालाच कळलेलं नाही. बघतो जमतंय का.

आपल्याला भूमिती म्हणजे पक्ष, साध्य, सिद्धता आणि बोर्डाला किती मार्कांना येतं. पण नववीत आमच्या बाईंनी एकदा तारेचा घन वळून आणला नि साबणाच्या पाण्यात बुडवला. वाटलं सहा बाजूंना सहा पडदे येतील, तर सगळे आत ओढले गेलेले आणि मधोमध एक छोटा चौकोन, त्याच्या कडाही किंचित फुगीर! बाई म्हणाल्या तीन पडदे भेटतात तिथे 120 अंशच येणार, मोजा. आता ओल्या पडद्याला कोनमापक कसा लावणार, फुटलाच, मागच्या बाकांवर हशा. पडदे कसे भेटतात याचे हे नियम जोसेफ प्लातो (ग्रीक प्लेटो नव्हे) या बेल्जियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडले आणि त्यांची सिद्धता जीन टेलर या गणितज्ञ बाईंनी थेट 1976 ला दिली, हे मला फार नंतर कळलं.

पुढे ठाण्यातच कॉलेज, मग पवई, मग परदेश, आता बंगळूर. हा भाग बोअर आहे, सोडतो.

माझं काम लाल रक्तपेशीच्या आकारावर. गोखले रोडच्या कुठल्याही लॅबमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची नेहमीची तपासणी करा, रिपोर्टात एमसीव्ही असतं, साधारण 80 ते 100, ते एका पेशीचं सरासरी घनफळ, फेम्टोलिटर या लिटरच्या अतिसूक्ष्म भागात मोजलेलं. तेवढं घनफळ गोळ्यात मावायला जेवढं आवरण लागेल त्यापेक्षा पेशीकडे जवळपास 40 टक्के जास्त असतं, आणि ते जवळजवळ ताणलं जातच नाही. साबणाच्या पडद्याला क्षेत्रफळ कमी करायचं असतं, पेशीचं क्षेत्रफळ ठरलेलं, तिला फक्त वाकायचा कंटाळा. मग कमीत कमी वाकून मावायचं तर दोन्हीकडून दबलेली चकती होते, पेशीला तो आकार कोणी शिकवावा लागत नाही. कॅनहॅम आणि हेल्फ्रिख या शास्त्रज्ञांनी अनुक्रमे 1970 आणि 1973 मध्ये हे वाकण्याच्या ऊर्जेचं गणित मांडलं. आणि गंमत म्हणजे हाच हेल्फ्रिख त्याआधी मार्टिन शाड्ट या शास्त्रज्ञाबरोबर एलसीडीवर काम करत होता, म्हणजे मुंजीत मिळालेली डिजिटल घड्याळं आपण वर्गात मिरवायचो त्यातल्या आकड्यांमागेही तोच!

जास्तीच्या आवरणाचा उपयोग प्लीहेत, म्हणजे पोटातल्या रक्त गाळणाऱ्या अवयवात दिसतो. तिथल्या फटी एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास आणि पेशी सात-आठ मायक्रॉनची, तरी दुमडून, लांबून पार होते. सिकलसेल किंवा मलेरियात ती ताठर होते नि अडकते. नेमकी कुठे अडकते ते आम्ही कॉम्प्युटरवर बघतो, म्हणजे पृष्ठभागाचे हजारो छोटे त्रिकोण करायचे आणि प्रत्येक कोपरा वक्रतेप्रमाणे थोडा थोडा सरकवत न्यायचा. ऐकायला सोपं आहे, पण फटीच्या तोंडाशी पेशीची मान बारीक होते, तिथले त्रिकोण सुईसारखे चपटे होतात आणि अख्खा प्रोग्रॅम बोंबलतो. मग थांबवायचं, तेवढ्या भागात नवे त्रिकोण पाडायचे, परत सुरू. सध्या माझा नि माझ्या विद्यार्थ्यांचा सगळा वेळ त्या मानेवरच जातोय.