श्टुटगार्टमध्ये सोलापूरचे स्वयंपाकघर मांडताना

2018 च्या सप्टेंबर महिन्यात पतीच्या नोकरीनिमित्त आम्ही सोलापूर सोडून जर्मनीतील श्टुटगार्ट शहरात राहायला गेलो. विमानाच्या तिकिटावर प्रत्येकी 23 किलो सामानाची मुभा होती. ते वजन मी गरम कपडे, काळा मसाला आणि शेंगांच्या चटणीच्या पुड्यांत संपवले. मिक्सर, कुकर, तवा, खलबत्ता या वस्तू बाळीवेशीतल्या घरीच ठेवल्या, कारण यंत्रांच्या देशात यंत्रे घेऊन कशाला जायचे, असे सगळ्यांचे म्हणणे होते आणि मलाही ते पटले होते.

चटणी महिनाभरात संपली आणि अडचण तेव्हा लक्षात आली. तिथल्या दुकानातून मी एक चांगला, महागडा ब्लेंडर आणला होता. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ त्यात घालून फिरवले, तेव्हा तळाशी पात्यांभोवती दाण्यांचा लगदा चिकटून बसला, वरचे दाणे जागचे हलले नाहीत आणि तिसऱ्या वेळी मोटरला जळका वास येऊ लागला. माहितीपुस्तिका मग शब्दकोश घेऊन वाचली, तर ते यंत्र पातळ पदार्थांसाठीच आहे असे तिच्यात स्पष्ट लिहिले होते. अशा ब्लेंडरचे उंच भांडे खाली निमुळते होत जाते आणि भोवऱ्यासारखा फिरणारा द्रव वरचे जिन्नस पात्यांकडे ओढून आणतो. द्रवच नसेल तर हे ओढणे घडत नाही. आपल्याकडच्या मिक्सरचे चटणीचे भांडे बुटके आणि रुंद असते, पाती जाड असतात आणि कोरडे दळण्याचा ताण मोटरने सोसावा अशीच त्याची रचना असते. रोज हाताळलेल्या वस्तूकडे या दृष्टीने मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

त्यानंतर दोन महिने मी दुकानोदुकानी फिरले. मला जर्मन फारसे येत नव्हते आणि मी तवा, सोऱ्या, खलबत्ता यांची चित्रे मोबाइलवर दाखवत असे. विक्रेते नम्रपणे नकार देत. एकदा फोनवर हे सारे आत्याला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अगं, नाव कशाला विचारतीस? ती वस्तू काय काम करतीय ते सांग की. दळायचं, कुटायचं, भाजायचं तर त्या लोकांनाबी लागत असेल." आत्या सोलापूरच्या बाहेर फारशी गेलेली नाही, पण माझ्या साऱ्या शोधाला दिशा मिळाली ती तिच्या या एका वाक्याने.

कुकरपासून सुरुवात केली. प्रेशर कुकर जर्मनीत घरोघरी असतो, त्याला 'श्नेलकोख्टोप्फ' म्हणतात. श्टुटगार्टपासून फार दूर नसलेल्या गाइसलिंगन गावी तर 1853 पासून भांडी बनवणारी डब्ल्यूएमएफ ही कंपनीच आहे. मात्र या कुकरना शिटी नसते. झाकणावरचा एक खुंट वर येतो आणि त्यावर दोन कडी दिसतात. दुसरे कडे दिसले की आतले तापमान 119 अंशांच्या आसपास असते, म्हणजे आपल्या शिटीच्या कुकरइतकेच. तेव्हापासून मी शिट्या मोजणे सोडून मिनिटे मोजू लागले. दुसरे कडे दिसल्यावर आच कमी करून दहा मिनिटे ठेवले की भिजवलेली तूरडाळ उत्तम शिजते.

भाकरीचा प्रश्न अधिक बिकट होता, कारण तो एका वस्तूचा नव्हता. शेगडी काचेची आणि सपाट, तिच्यावर खोलगट तव्याचा केवळ मध्य टेकतो आणि कडा गार राहतात. यावर धिरड्यांसारखे पातळ क्रेप करण्याची लोखंडी सपाट पॅन उपयोगी पडली. पण भाकरी थापतानाच चिरत होती. भारतीय किराणा दुकानातले ज्वारीचे पीठ किती महिन्यांपूर्वी दळलेले असे कोण जाणे, त्याची विरी, म्हणजे भाकरी थापताना लागणारा चिकटपणा, गेलेली असे. आमच्या खालच्या मजल्यावर एक वयस्क आजी एकट्या राहत होत्या. त्यांच्याकडे मी पीठ दळणारी गिरणी कुठे मिळेल असे मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारले, तर त्यांनी मला आत नेऊन ओट्यावरची लाकडी पेटीसारखी वस्तू दाखवली. ती घरगुती गिरणीच होती! पाव घरी भाजणारी पुष्कळ कुटुंबे तिथे अशी गिरणी बाळगतात, आत सिरॅमिकची दोन जाती असतात आणि हवे तसे बारीक-जाड दळता येते. आफ्रिकी वस्तूंच्या दुकानातून अख्खी ज्वारी आणली आणि आजींच्या परवानगीने दर शनिवारी एक किलो दळू लागले. ती काही आपल्याकडच्या मालदांडी वाणाची नव्हती, तरी ताज्या पिठाची भाकरी पहिल्याच दिवशी न चिरता थापली गेली. त्या दिवशी मला रडू आले, हे लिहिताना संकोच वाटत नाही.

सोऱ्याला तर श्टुटगार्टमध्ये सख्खी बहीण भेटली. त्या श्वाबिया प्रांतात 'श्पेट्सले' नावाचा शेवयांसारखा पदार्थ आवडीने खातात आणि तो पाडण्यासाठी प्रत्येक घरात लांब दांड्यांचा एक दाबयंत्र असतो. त्यात सैल भिजवलेले बेसन भरून मी जाड शेव पाडली. चकलीचे घट्ट पीठ मात्र त्यातून निघाले नाही आणि दांडा वाकेल या भीतीने मी तो नाद सोडला.

जानेवारी 2019 मध्ये सिद्धेश्वर यात्रेसाठी सोलापूरला आले तेव्हा कशाची खरोखर गरज आहे हे मला नेमके ठाऊक होते. होम मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे यात्रेच्या बाजारात, फिरून पितळी सोऱ्या आणि भाकरी शेकण्यासाठी पायांची जाळी घेतली. 750 वॅटचा, तीन भांड्यांचा मिक्सर मात्र दुकानातून घेतला. जर्मनीतील वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे मिक्सर तिथे तसाच चालतो. अमेरिकेत ते शक्य नाही, तिथे 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ असल्यामुळे तिथल्या विजेसाठी बनवलेला वेगळा मिक्सर घ्यावा लागतो. जर्मनीत फरक आहे तो पिनचा. आमच्या घरी वायरिंग करणाऱ्या मिस्त्रींना मी बाजारातला स्वस्त अॅडॉप्टर दाखवला, तर त्यांनी तो उलटा करून दाखवला आणि म्हणाले, "ताई, आपल्या प्लगची वरची जाड पिन अर्थिंगची असते. ह्याच्यात ती नुसती भोकात जाऊन बसते, पुढं कुठंच जोडलेली नाही. धातूची वस्तू ह्याच्यावर लावू नका." जर्मन सॉकेटमध्ये अर्थिंग बाजूच्या दोन धातूच्या पट्ट्यांतून मिळते. म्हणून तिकडे पोहोचल्यावर तिथल्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मिक्सरला जर्मन प्लगच बसवून घेतला आणि मग तो सुरू केला.

सुट्या भागांचे मी आवर्जून सांगेन. मिक्सरचे भांडे मोटरला जोडणारे दोन कपलर आणि मोटरमधल्या कार्बन ब्रशची एक जोडी मी सोबत नेली. सहा महिन्यांनी कपलर झिजला, तेव्हा तिथे तो कुठेच मिळाला नसता. विमानाने येणाऱ्या प्रवाशाला तेव्हा 430 युरोपर्यंतच्या वस्तू करमुक्त नेता येत होत्या, तरी सर्व पावत्या मी हातातल्या पिशवीत ठेवल्या होत्या. दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई असल्याने आईने केलेले पेढे सोलापुरातच राहिले.

सर्वांत जड वस्तू होती खलबत्ता. मिक्सरमध्ये चटणी होते, पण आपल्याकडची चटणी कुटलेलीच असावी लागते. दाणे चेचले जाऊन त्यांचे तेल सुटते आणि तिखट त्या तेलात मुरते, तर पाती दाणे नुसते कापतात. चार किलोंच्या त्या लोखंडासाठी मी दोन साड्या बॅगेतून काढल्या. मात्र तिथे रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर आवाज करायचा नाही असा नियम आहे आणि आमची जमीन लाकडी होती. पहिल्याच घावाला खालच्या आजी वर आल्या. त्यांना मी कुटण्याचे कारण सांगितले, शनिवारी दुपारची वेळ आमच्यात ठरली आणि खलबत्त्याखाली सोलापुरी चादरीची आठ पदरी घडी घालून मी कुटू लागले. आवाज निम्म्याहून कमी झाला. तासाभराने बत्त्याच्या टोकाला तेल चमकू लागले आणि चटणी हातात घेतली की तिचा मुटका वळू लागला.