तुम्ही विचारलंत म्हणून: असल्या वस्तू घरात कशाला?

आमच्याकडे जेवायला आलेलं जवळपास प्रत्येक जण हे विचारतं, आणि विचारायलाच हवं. तुम्ही स्वतः व्हिसावर न्यू जर्सीत आलात, मग परके नकोत म्हणणाऱ्यांचे बिल्ले आणि फिती पैसे मोजून का जमवता?

तर हे बिल्ले अमेरिकेतल्या नो-नथिंग (Know-Nothing) चळवळीचे, १८५० च्या दशकातले. चळवळ सुरुवातीला गुप्त होती, कोणी विचारलं तर 'मला काही माहीत नाही' एवढंच सांगायचं, त्यावरून नाव पडलं. राग मुख्यतः आयरिश आणि जर्मन कॅथलिकांवर, आणि मागणी काय तर बाहेरून आलेल्याला नागरिक व्हायला ५ ऐवजी २१ वर्षं थांबवा. १८५४ ला मॅसॅच्युसेट्समध्ये सत्ताच आली त्यांची. १८५६ ला माजी राष्ट्राध्यक्ष फिलमोर त्यांचे उमेदवार, मतं २१ टक्क्यांच्या वर पण जिंकलेलं राज्य एकच, मेरीलँड.

त्या निवडणुकीचं फिलमोरचं छोटं पितळी मेडल आहे माझ्याकडे, दोरा ओवून कोटाला लावायला वर भोक पाडलंय आणि त्या भोकाची कड झिजलीये. म्हणजे कोणीतरी ते नुसतं ठेवलं नाही, खूप दिवस अंगावर घातलं. मी पैसे मोजले ते त्या झिजलेल्या कडेसाठी. कारण इतिहासात हे लोक दंगलखोर म्हणून भेटतात, पण यात दुकानदार होते, कारागीर होते, आणि त्यांच्या रेशमी फितींवर गरुड, झेंडा, वॉशिंग्टन इतके सुरेख छापलेत की द्वेष कुठे दिसतच नाही, नुसतं देशप्रेम दिसतं. पण द्वेष होताच: त्यांच्याही आधी, १८४४ ला, याच विचाराच्या जमावाने फिलाडेल्फियात सेंट ऑगस्टीन हे कॅथलिक चर्च जाळलं, तिथली लायब्ररी पण गेली. पुन्हा बांधलेलं चर्च चौथ्या रस्त्यावर अजून उभं आहे, मी पाहुण्यांना मुद्दाम नेतो.

फसलोय पण. तेव्हा मतपत्रिका सरकार नाही, पक्षच छापायचे, तशी एक घेतली आणि यूव्ही टॉर्चखाली कागद निळापांढरा चमकला, म्हणजे आजकालचा कागद. जुना असा चमकत नाही.

फिती मी भिंतीवर लावत नाही, उजेडाने रंग उडतो आणि रेशीम घडीवर तुटतं, शिवाय ते चेहरे माझ्या हॉलमध्ये मिरवायचे नाहीयेत मला. ड्रॉवरमध्ये सपाट ठेवतो, कोणी विचारलं की काढतो, आणि आधी ते झिजलेलं मेडल हातात देतो.